वस्ती क्रमांक चारशे सतरा

१

बारा जूनला प्रेमानंदचं घर नाहीसं झालं. पडलं नाही, जळलं नाही, कुणी पाडल्याची खूणही नव्हती. आदल्या दिवशी दुपारी चार वाजता ते जागेवर होतं, दुसऱ्या दिवशी चार वाजता तिथं नुसतं गवत होतं.

हे घर आमच्या शिरड शहापुरातलं नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर तुम्हीही माझ्यासारखे गट नंबर विचारत बसाल. ते घर फोनमधलं होतं. ‘रानवस्ती’ नावाचा एक खेळ आहे. त्यात देशोदेशीचे लोक एकाच वेळी येतात, जागा घेतात, घरं बांधतात, गुरं पाळतात आणि सवड मिळाली की एकमेकांची घरं पेटवतात. दीक्षा हे समजावून सांगत होती तेव्हा माझ्या मनात आलं, की एवढं सगळं आमच्या तालुक्यात फोनशिवायही चालतं. पण पोरीचा चेहरा पाहून मी तोंड बंद ठेवलं.

मी सोनाजी. चौतीस वर्षं तलाठी होतो. खोटे फेरफार, सरकवलेले बांध, मेलेल्या माणसाचे अंगठे असलं पुष्कळ पकडलं आणि त्यापायी सहा बदल्या भोगल्या. आता सकाळी बँकेसमोरच्या बाकड्यावर बसतो, लोकांना फुकट सल्ला देतो, दिवसाकाठी चार-पाच अर्ज लिहून देतो. कोणाचा कशाबद्दल होता हे संध्याकाळपर्यंत विसरून जातो. गावात काही हरवलं की लोक पोलिसांच्या आधी माझ्याकडं येतात, कारण मी चहासुद्धा मागत नाही.

दीक्षा ही किशनरावांची मुलगी. औंढ्याच्या एका दवाखान्यात नर्स आहे. तिचा थोरला भाऊ प्रेमानंद डिसेंबरात वारंगा फाट्याजवळ ट्रकखाली गेला. खिशातला फोनही त्याच्याबरोबरच चिरडला. घरात एकमेकांना आवाज रेकॉर्ड करून पाठवायची पद्धत नव्हती, सरळ फोनच करायचे. लग्नाच्या व्हिडिओत बँड एवढा मोठ्यानं वाजतो की नवरदेवाचे नुसते ओठ हलताना दिसतात. म्हणजे पोरगा गेला तसा त्याचा आवाजही गेला, असं सगळ्यांनी धरून टाकलं होतं.

मग फेब्रुवारीत दीक्षाला आठवलं, की या खेळात घराच्या दाराला आवाज लावता येतो. कुणी अंगणात पाऊल ठेवलं की मालकाचं बोलणं ऐकू येतं. तिनं स्वतःचं खातं उघडलं, त्याची वस्ती शोधली, क्रमांक चारशे सतरा, आणि आईला शेजारी बसवून अंगणात गेली. आतून प्रेमानंद म्हणाला, “कोन हाय? या, बसा. माय, चहा ठेव.”

कमलबाई उठल्या आणि त्यांनी खरोखर चहा ठेवला. तेव्हापासून रोज चार वाजता, दीक्षा घरी नसली तर शेजारच्या पोरीला फोन धरायला लावून, त्या ते ऐकत आणि चहा ठेवत. चार महिने असं चाललं होतं. बारा तारखेपासून त्यांनी चूल पेटवलेली नव्हती.

“बाबा तेवढे शांत हायेत,” दीक्षा म्हणाली. “म्हनतेत, येईल परत. त्यांना काय कळतंय त्यातलं.”

मला वाटलं, म्हाताऱ्या बापाला धक्का बसला की असंच होतं. तिथंच मी चुकलो, पण ते पुढं.

मी विचारलं, त्या घराची चावी कोणाकडं होती? म्हणजे पासवर्ड. ती म्हणाली, दोघांकडंच. वहिनी राणीकडं आणि दादाचा मित्र रणजीतकडं.

“दोघांपैकी एकानं केलंय, काका. नाव तेवढं काढून द्या. घर परत कसं घ्यायचं ते मी बघते.”

२

राणी आता जवळा बाजारला माहेरी असते. वय चोवीस. मी गेलो तेव्हा शिलाईची मशीन चालू होती आणि मी बसल्यावरही ती थांबली नाही. मला ते आवडलं. रडून दाखवणाऱ्या साक्षीदारांनी मला आयुष्यभर पिडलं आहे.

मी सरळ विचारलं, घर तू पुसलंस का?

“पुसायचं मनात लई वेळा आलं,” ती म्हणाली. “मेलेल्या मानसानं रोज चहा मागायचा आन् सासूनं ठेवायचा. मी जिती बसलेली तिथंच. मला त्या घरात कुनी एकदा बी इचारलं न्हाई, तू जेवलीस का.”

हे बोलल्यावर तिनं मशीन थांबवली. मग जे सांगितलं ते असं, की लग्नानंतर रोज जेवण झालं की प्रेमानंद फोन घेऊन बसायचा. त्या घराला त्यानं तीन खोल्या काढल्या होत्या, एक तिच्यासाठी. खऱ्या घरात दोनच खोल्या होत्या आणि त्यातली एक पावसाळ्यात गळायची. ती त्याला टोचून बोलायची की कागदावर नाही, भिंतीत नाही, असल्या घराला काय करायचं? तो म्हणायचा, कागद कशाला, मी विकत घेतलंय.

पासवर्ड तिला पाठ होता. तिनं तो मला म्हणूनही दाखवला, कारण आता तो लपवून काय करायचं? पण फेब्रुवारीनंतर तिनं खेळ उघडला नव्हता. आवाज ऐकू येईल या भीतीनं, असं ती म्हणाली, आणि मी तिच्यावर विश्वास ठेवला. अर्थात विश्वास हा पुरावा नव्हे. जिच्याकडं चावीही आहे आणि रागही आहे, तिला मी यादीतून काढलं नाही.

निघताना तिनं मागून हाक मारली. “रणजीतला त्या काळ्या बैलाचं इचारा. ह्यांच्या मातीच्या दिवशी त्यानं मला इचारलं होतं, बैल मी घेऊ का म्हनून.”

३

रणजीतचं वारंगा फाट्यावर मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. ज्या वळणावर मित्र गेला ते वळण दुकानातून दिसतं. तो त्या बाजूला पाठ करून बसतो.

बैलाचं विचारताच त्याची मान खाली गेली. खेळात तो बैल दुर्मीळ होता, दोघांनी मिळून पंधरा दिवस पाळत ठेवून पकडला होता. मातीच्या दिवशी तोंडातून निघून गेलं, त्याची लाज वाटते, असं तो म्हणाला. मग त्यानं स्वतःचा गोठा उघडून दाखवला. काळा बैल तिथं नव्हता. दुसऱ्याला दिला असता तर देण्या-घेण्याच्या वहीत नोंद राहते, तीही त्याने दाखवली. डिसेंबरानंतर एक ओळ नव्हती.

मी म्हटलं, आता मला एवढंच सांग, या खेळात घर जातं कसं?

त्याने नीट सांगितलं, आणि हे नीट ऐका, कारण सगळी गोम इथंच आहे. दुसऱ्या खेळाडूनं जाळलं तर सात दिवस राख दिसते. मालकाच्या पासवर्डनं आत जाऊन खातं बंद केलं, तर महिनाभर दाराला कुलूप दिसतं. मन बदललं तर मालकाला परत येता यावं म्हणून. लबाडी केली म्हणून कंपनीनं हाकललं, तर लाल पाटी लागते.

“आन् चारशे सतरावर काय दिसतंय?”

त्याने फोन फिरवून माझ्यासमोर धरला. हिरवंगार गवत. मध्ये पाटी होती, जागा मोकळी आहे, घर बांधा. राख नाही, कुलूप नाही, लाल पाटी नाही. प्रेमानंदचं नाव रणजीतच्या मित्रांच्या यादीतूनही गेलं होतं. दोघांनी मिळून बांधलेल्या पुलावर दोन नावं होती, तिथं आता एकच उरलं होतं.

म्हणजे राणी सुटली आणि रणजीतही सुटला. पासवर्डनं जे करता येतं त्यानं कुलूप लागतं, गवत उगवत नाही. जन्माला आलाच नाही इतका स्वच्छ माणूस पुसायचा तर ते फक्त कंपनीच करू शकते. पण कंपनी असं कधी करते, हे रणजीतला ठाऊक नव्हतं. त्यानं असं आधी पाहिलंच नव्हतं.

मी विचारलं, खेळात शिरताना काही करारनामा असेल ना? तो हसला. असतो, पण खाली जाऊन ‘मान्य’ दाबायचं, वाचत कुणी नाही. मी म्हटलं, मी वाचतो. माझं इंग्रजी सरकारी परिपत्रकांतून आलेलं आहे, त्याला असल्याच भाषेची सवय. एक्केचाळीस पानं होती. तो चार्जर विकत होता आणि मी काउंटरमागं बसून वाचत होतो.

एकोणिसाव्या पानावर सापडलं. खेळाडूच्या मालकीचं काहीही नाही. त्याला फक्त वापराची परवानगी आहे आणि ती त्याच्या हयातीपुरती. ती दुसऱ्या कुणाकडं, वारसाकडंही, जात नाही. खेळाडूच्या मृत्यूची कागदोपत्री खात्री झाल्यास खातं आणि त्यातलं सर्व काही कायमचं नष्ट करण्यात येईल.

मी दोनदा वाचलं. गायरान पाहिलं, इनाम पाहिलं, कुळाची जमीन पाहिली. भोगवटादार वर्ग दोनची जमीन साहेबाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, पण बाप मेला तर पोराला मिळते. एवढा कोरडा कागद सरकारनंही कधी काढला नव्हता. मी रणजीतला विचारलं, ‘विकत घेतलंय’ असं प्रेमानंद का म्हणायचा?

“बटनावर तसंच लिवलंय की. ‘विकत घ्या’.” त्यानं हातातला फोन खाली ठेवला. “आमचं सगळ्यांचं तसंच हाय, भाऊसाहेब. एकट्यानं खेळायचं म्हनलं तरी त्यांच्याच दारातून जावं लागतं. उद्या त्यांनी दार लावलं की माझी बी बारा वर्सं गेली.”

मी मात्र एकाच शब्दावर अडकलो होतो. कागदोपत्री. प्रेमानंद डिसेंबरात गेला, घर जूनपर्यंत उभं होतं. म्हणजे सहा महिने कंपनीच्या लेखी तो जिवंत होता. मग कुणीतरी तिला कागद पाठवला.

४

मृत्यू दाखला हा असा कागद आहे की तो जपून दिला जातो आणि त्याहून जपून ठेवला जातो. ग्रामपंचायतीत जाऊन मी नोंदवही पाहिली. प्रेमानंदच्या दाखल्याच्या पाच प्रती दिल्या होत्या, पाचही किशनरावांच्या सहीनं.

एक बँकेत गेली होती. एक रेशन कार्डातून नाव कमी करायला. एक घराच्या नोंदीसाठी तिथंच ग्रामपंचायतीत जमा होती. एक राणीकडं, तिच्या पेन्शनच्या अर्जाला; मशीनशेजारच्या पिशवीत मी ती पाहिली होती. पाचवीचा पत्ता लागेना.

आता मला दीक्षाचं बोलणं आठवलं. बाबा तेवढे शांत आहेत.

किशनरावांना मी तीस वर्षं ओळखतो. गावाबाहेरच्या गायरानात त्यांच्या वडिलांनी तीन एकर फोडलं होतं. ते कसायचे, लोक येऊन पीक मोडायचे, साहेब यायचे, पंचनामे व्हायचे. नाव लागायला बावीस वर्षं गेली. ती नोंद शेवटी माझ्या हातानं झाली, आणि त्या दिवशी मी त्यांना चार लोकांत ऐकवलं होतं, की किशनराव, आजवर तुम्ही नुसते राबलात. नाव लागलं तेव्हा ते तुमचं झालं. किशनरावांनी ते वाक्य मनात धरून ठेवलं. एखाद्या मोठ्या माणसाचं बोलणं धरावं तसं.

ते अंगणात सोयाबीनचं बियाणं निवडत बसले होते. जयभीम झालं, खाट पुढं आली. मी पाचव्या प्रतीचं विचारलं. त्यांनी जराही आढेवेढे घेतले नाहीत. आत गेले, प्लास्टिकची फाईल आणली आणि माझ्यासमोर ठेवली.

“समदं बराबर केलंय, भाऊसाहेब. पोच बी हाय.”

वरचा कागद मी ओळखला नाही, अक्षर ओळखलं. ते माझं होतं.

५

एप्रिल महिना, बाकड्यावरची सकाळ. किशनराव आले होते आणि म्हणाले होते, पोराच्या नावावर जागा आहे, घर आहे, काय करावं? मी दुसऱ्याचा अर्ज लिहीत होतो. मान वर न करता म्हटलं, मेलेल्याच्या नावावर काही ठेवू नका, उद्या कुणी हिसकावलं तर कुठं दाद मागाल? आणि तिथंच खरडून दिलं. ‘मयत प्रेमानंद किशनराव याच्या नावे असलेल्या सदर जागेस व घरास वारस म्हणून त्याची आई कमलबाई व पत्नी राणी यांची नावे लावण्यात यावीत. सोबत मृत्यू दाखला जोडला आहे.’ कुठली जागा, हे मी विचारलं नाही. गट नंबरची जागा कोरी सोडली. तिथं आता किशनरावांच्या ठळक अक्षरात होतं, रानवस्ती, वस्ती क्रमांक चारशे सतरा.

जवळा बाजारच्या एका ऑनलाइनच्या दुकानात त्यांनी तो कागद नेला होता. दुकानदारानं कंपनीचा पत्ता शोधून अर्ज आणि दाखला पाठवून दिला. दोन महिन्यांनी इंग्रजीत उत्तर आलं, ते छापून यांच्या हातात दिलं. अकरा जून तारीख. किशनराव त्याला पोच म्हणत होते. त्यात लिहिलं होतं, आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत, कळवल्याबद्दल आभार, नियमानुसार खातं कायमचं बंद करण्यात आलं आहे.

“चोरी झाली त्याच्या एक दिस आधी अर्ज पोचलाय,” किशनराव मला समजावून सांगत होते. “म्हनून मी यांना म्हनलं, रडू नका. एकदा का नाव लागलं की त्यांना घर हुडकून द्यावंच लागंल. किती दिस लागत्यात नाव लागायला?”

मी चौतीस वर्षं लोकांना वाईट बातम्या दिल्या आहेत. तुमचं नाव कमी झालं, तुमची मोजणी चुकली, तुमची हरकत फेटाळली. कधी जीभ अडखळली नाही. त्या दिवशी अडखळली. तेवढ्यात दीक्षा बाहेर आली आणि तिच्या मागून कमलबाई. आठ दिवसांत त्या निम्म्या झाल्या होत्या.

“कोन हाय ते कळलं का, काका?” दीक्षानं विचारलं.

“व्हय,” मी म्हटलं. “मी.”

मग सगळं सांगितलं. राख, कुलूप, लाल पाटी, एकोणिसावं पान, पाचवी प्रत, माझा अर्ज. दीक्षा पहिल्या पाच वाक्यांतच समजली आणि बापाकडं बघायचं टाळू लागली. किशनराव मात्र माझीच बाजू घेत राहिले. भाऊसाहेबांनी बराबर सांगितलं होतं, कागद केल्याबिगर काही आपलं होत नाही, असं म्हणत होते. बोलता बोलता त्यांचा आवाज बारीक होत गेला आणि एका वाक्याच्या मध्येच ते थांबले. त्यांनी निवडलेलं बियाणं आणि खडे पुन्हा एकत्र केले. आपण काय करतोय हे त्यांना कळत नव्हतं. मला त्यांच्याकडं पाहवेना, आणि खरं सांगायचं तर मला माझीच चीड आली होती. ज्या माणसानं बावीस वर्षं कागदासाठी घालवली, त्याला मी असा कागद लिहून दिला.

“बंद केलं ते उघडत न्हाई का?” दीक्षानं विचारलं. करारनाम्यात मी तेही शोधलं होतं. तिथं लिहिलं होतं, नष्ट झालेलं परत येत नाही. तसं मी सांगितलं.

कमलबाई इतका वेळ उभ्या होत्या. त्या खाली बसल्या.

“जागा त्येची नव्हती,” त्या म्हणाल्या. “घर बी नव्हतं. बैल बी नव्हता. हे कळलं मला. पर आवाज तर त्येचा होता ना?”

याचंही कलम होतं. सव्विसावं पान. खेळात बोललेला प्रत्येक आवाज कंपनीचा. मी ते वाचलेलं होतं. खोटं बोलून सुटता आलं असतं, पण एवढं झाल्यावर त्या बाईशी खोटं बोलायची माझी हिंमत झाली नाही.

“न्हाई, कमलबाई. तो बी त्यांचाच.”

पुढं झाले ते किशनराव. त्यांनी फाईल उघडली, कोरा कागद काढला, माझ्यासमोर पेन धरलं आणि म्हणाले, “लिवा, भाऊसाहेब. घर ऱ्हाऊ द्या. आवाजापुरता अर्ज लिवा.”

उत्तर काय येणार हे मला माहीत होतं. फुकट जाणारा अर्ज मी पहिल्यांदाच लिहीत होतो अशातला भाग नाही. मी लिहिला. ‘अर्जदार, मयताची आई’ असं खाली टाकलं आणि कागद कमलबाईंपुढं केला. किशनरावांनी त्यांच्या हातात पेन दिलं. दीक्षानं पाठीवर हात ठेवला.

कमलबाईंनी अर्ज वाचला. सावकाश, एकेका शब्दावर बोट ठेवून, शेवटपर्यंत वाचला. मग पेन किशनरावांच्या हातात परत दिलं.

“नऊ म्हैने पोटात ठिवला, बोलायला मी शिकवला,” त्या म्हणाल्या. “त्येचा आवाज मी अर्ज करून मागू?”

आणि त्या उठून आत गेल्या. तो अर्ज माझ्याकडंच आहे, सहीशिवाय.